शालेय स्पर्धांत लहान शाळांचा दरवर्षी धुव्वा उडतो. संख्येवरून गट पाडले तर फरक पडेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेची बास्केटबॉल टीम तीन वर्षं पहिल्याच मॅचला तीस-चाळीस गुणांनी हरते, समोर बहुतेक वेळा तीच वसतिगृहवाली शाळा येते, तर विद्यार्थिसंख्येवरून दोन गट का पाडत नाहीत?

गट जरूर पाडा म्हणावं, पण संख्येवरून नको. 

मी इंदूरला एका छोट्या शाळेत सव्वीस वर्षं पीटी शिकवलं. रामबाग-नारायण बागेकडच्या मुली, निम्म्यांच्या घरी मराठी. आमचा सगळ्यात दणदणीत पराभव ५८-६. सहाही गुण एकाच मुलीचे, त्यातले दोन फ्री थ्रोचे. मॅच रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला होती. आमच्या पोरी शाळेच्या सिमेंटवर, जाळी नसलेल्या रिंगखाली वाढलेल्या. त्या गुळगुळीत कोर्टावर पाच मिनिटांत बूट सरकायला लागले. समोरच्या मुली प्रत्येक टाइमआउटला ओल्या टॉवेलवर बुटांचे तळ पुसून जात होत्या. असं करायचं असतं हे मलाच त्या दिवशी कळलं, आणि मी म्हणे खेळाची बाई! शिवाय चेंडू. शाळेत एकच धड चेंडू, तो मुलांचा, सात नंबरचा. मुलींची मॅच सहा नंबरच्या चेंडूवर होते, तो लहान आणि हलका. हाताला वर्षभर जड चेंडूचा अंदाज बसलेला, त्यामुळे आमचे शॉट बोर्डावर आपटून लांब जात होते. परत येताना मॅजिक गाडीत कुणी अवाक्षर काढलं नाही.

आता गंमत बघा, त्या शाळेचा पट जवळपास आमच्याएवढाच होता. फरक होता तो मुली कुठून येतात याचा. आमच्याकडे शेजारच्या गल्लीतली मुलगी यायची. तिकडे चार जिल्ह्यांतून निवडून, फी माफ करून, वसतिगृहात ठेवून आणलेल्या. सकाळ-संध्याकाळ कोच. पटावरून गट केले असते तर आम्ही दोघी एकाच गटात, म्हणजे पुन्हा तेच.

अमेरिकेत हाच घोळ झाला. माझा भाचा इंडियानात असतो, मुलगी शाळेकडून खेळते, त्यामुळे मला ही माहिती. तिथे १९९७ पर्यंत लहान-मोठ्या सगळ्या शाळांची बास्केटबॉलची एकच स्पर्धा होती. १९५४ साली १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन शाळेने मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला ३२-३० हरवून ती जिंकली, बॉबी प्लंप नावाच्या पोराच्या शेवटच्या शॉटवर. लोक अजून ते सांगतात. सांगणारच, कारण असं रोज होत नाही. १९९७-९८ च्या हंगामापासून त्यांनी संख्येवरून चार वर्ग केले, तरी ज्यांना कुठूनही मुलं घेता येतात त्या शाळा लहान वर्गांत भारी पडतच राहिल्या. इलिनॉय राज्याने त्यावर २००५ मध्ये हिशेब काढला: ज्या शाळेला प्रवेशाची हद्द नाही तिची संख्या १.६५ ने गुणायची आणि मग वर्ग ठरवायचा. ओहायो तर २०१७ पासून टीममधली एकेक मुलगी कुठून आली ते बघून शाळेची संख्या वाढवून धरते. मला दोन्ही कारकुनी वाटतात. इंडियानाने २०१२ मध्ये काढलेला उपाय मला पटतो: जो सारखा जिंकतो त्याला दोन वर्षांच्या कामगिरीवरून वरच्या वर्गात ढकलायचं. मुली कुठल्या, फी कुणी भरली, हे विचारायलाच नको.

काही जण सांगतील, फरक फार झाला की घड्याळ न थांबवता मॅच संपवा. अमेरिकन फुटबॉलमध्ये बऱ्याच राज्यांत ३५ गुणांच्या फरकानंतर तसं करतात. त्याने अपमान लवकर संपतो, एवढंच. खेळायला काही मिळत नाही.

आपल्याकडे खरा काच बाद पद्धतीचा आहे. मैदानं कमी, दिवस दोन, म्हणून बादच ठेवतात. त्यात ड्रॉ काढताना, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी ते ठरवताना, बलाढ्य टीम एकमेकींसमोर लवकर येऊ नयेत म्हणून त्यांना लांब लांब ठेवतात, म्हणजे पहिल्या फेरीत त्यांच्या तोंडी कोण, तर आपण! चाळीस मिनिटांच्या खेळात वर्षभराची तयारी संपली. तेव्हा तुमच्या पीटीच्या सरांना किंवा बाईंना सांगा, ड्रॉ निघायच्या आधी आयोजकांकडे दोन ओळींचा अर्ज द्या: मागच्या दोन वर्षांत उपांत्य फेरी गाठलेल्या शाळांना थेट पुढच्या फेरीत घ्या आणि उरलेल्यांची आपसात छोटी साखळी खेळवा. एकट्या शाळेचं ऐकत नाहीत, चार शाळांच्या सह्या लागतात.

आमचा अर्ज पहिल्या वर्षी टेबलावरच राहिला. मग आम्ही चार शाळांनी मिळून रविवारी सकाळी आपसात मॅच ठेवल्या. वर्गणी काढून सहा नंबरचे दोन चेंडू आणले, शिट्टी आळीपाळीने एकेका शाळेच्या बाईंकडे, मॅचनंतर पोहे-जिलबी. पहिली मॅच आम्ही २२-१९ हरलो. येताना मॅजिकमध्ये मुली माझ्याशीच भांडत होत्या: बाई, तो ट्रॅव्हल (चेंडू न आपटता जास्त पावलं) नव्हताच, दोनच पावलं होती, तुम्ही बोलला का नाहीत?