अहिराणी आणि खानदेशावर लेख लिहायचा आहे, भरवशाचे संदर्भ ऑनलाइन कुठे मिळतील?

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाचे दक्षिण आशियाई कोशांचे संकेतस्थळ बघा. तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही आहेत. शब्द सापडला नाही तर शेवटी अनुस्वार देऊन शोधा: हे कोश १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे, त्यामुळे ‘केळे’ तिथे ‘केळें’ असते.

अहिराणीसाठी ग्रियर्सनचे ब्रिटिशकालीन भारतीय भाषा सर्वेक्षण (Linguistic Survey of India) घ्याच. बरेच जण मराठीच्या सातव्या खंडात शोधत बसतात. अहिराणी तिथे ‘खानदेशी’ या नावाने आहे, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांसोबत, नमुना उताऱ्यांसह.

गावांच्या माहितीसाठी इंटरनेट आर्काइव्हवर १८८० चे इंग्रजी खानदेश गॅझेटिअर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) मिळेल. त्यात खानदेश एकच जिल्हा आहे, पूर्व-पश्चिम वाटणी १९०६ ची, म्हणून ‘जळगाव जिल्हा’ शोधू नका. धुळ्याचे स्पेलिंगही त्यात ‘धुलिया’ आहे. स्कॅनमधला शोध जुनी अक्षरे चुकवतो. मागची सूची चाळलेली बरी.