उबुंटू अपडेटनंतर एचडीएमआयचा मॉनिटर बंद, टाइप-सीचा चालू: ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन्ही ग्राफिक्स आहेत. उबुंटूवर बाहेरचे दोन मॉनिटर लावून काम चालायचं. अपडेट झाल्यापासून एचडीएमआयचा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो, टाइप-सीवरचा व्यवस्थित आहे. केबल बदलून झाली, एनव्हिडियाचा ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकून झाला, फरक शून्य.

चौथ्यांदा टाकू नका. एक मॉनिटर चालतो आणि एक चालत नाही, यातच निम्मं उत्तर आहे.

दोन ग्राफिक्स असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सगळे पोर्ट एकाच कार्डाला जोडलेले नसतात. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन इंटेलकडे, टाइप-सी पुष्कळदा इंटेलकडेच, आणि एचडीएमआय थेट एनव्हिडियाकडे, अशी जोडणी मदरबोर्डवरच ठरलेली असते. त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर चढलाच नाही तरी लॅपटॉप सुरू होतो, डेस्कटॉप येतो, टाइप-सी चालतं, फक्त एचडीएमआय मुकं होतं. तुमच्याकडे नेमकं हेच दिसतंय. म्हणून केबल, मॉनिटर आणि डिस्प्ले सेटिंग सध्या बाजूला ठेवा.

पहिली परीक्षा दोन मिनिटांची आहे. मशीन सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (मशीन कशावर सुरू करायचं ते निवडण्याचा) मेनू आणा, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) निवडा. त्यावर एचडीएमआय उजळलं तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि घोळ नव्या कर्नलसाठीच्या मॉड्यूलमध्ये (कर्नलला जोडायच्या ड्रायव्हरच्या तुकड्यात) आहे, हे नक्की झालं. नाही उजळलं तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. तीनदा काढ-घाल केल्यामुळे जुन्या कर्नलचंही मॉड्यूल आता तसंच झालेलं असू शकतं.

मग कर्नललाच विचारा. (खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाकायच्या.) ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ पर्यायासह चालवा. प्रत्येक कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. इंटेलखाली ‘आय९१५’ दिसेल, नव्या चिपवर ‘एक्सई’ही असू शकतं. एनव्हिडियाखाली ती ओळच नसेल, तर ड्रायव्हर डिस्कवर आहे पण कामावर नाही. डेस्कटॉपच्या ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ खिडकीत तो निवडलेला दिसतो म्हणून आपण फसतो. ती खिडकी पॅकेज बसवलंय एवढंच सांगते.

याच वेळी ‘सिस’ फोल्डरातल्या ‘क्लास’मधला ‘डीआरएम’ फोल्डर उघडून बघा. मला ही जागा फार आवडते, कारण इथे डेस्कटॉपचा काही संबंध नसतो, कर्नलला जे दिसतं तेच दिसतं. ‘कार्ड१-ईडीपी-१’, ‘कार्ड०-एचडीएमआय-ए-१’ अशी नावं असतात, म्हणजे कार्डाचा क्रमांक आणि त्याचा पोर्ट. क्रमांक दर वेळी तोच राहील असं धरू नका. प्रत्येकात ‘स्टेटस’ नावाची फाइल असते, तिच्यात ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’ एवढा एकच शब्द. एनव्हिडियाच्या कार्डाची एचडीएमआय नोंदच नसेल, तर मॉड्यूल चढलेलं नाही किंवा ‘एनव्हिडिया-डीआरएम’चा मोडसेट (कर्नलने स्वतः डिस्प्ले चालवण्याचा पर्याय) बंद आहे. नोंद आहे, स्टेटसही ‘कनेक्टेड’ आहे आणि तरी मॉनिटर काळा असेल, तेव्हा शेजारची ‘ईडीआयडी’ फाइल बघायची. मॉनिटर आपली ओळख, म्हणजे रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, उत्पादक, याच तुकड्यात सांगतो. तो १२८ बाइटचा असतो, जोडखंड असेल तर २५६ किंवा जास्त. यादीत या फाइलचा आकार नेहमी शून्यच दिसतो, त्याने घाबरू नका. फाइल वाचून बाइट मोजा. वाचूनही शून्यच आले, तर मग केबल किंवा अडॅप्टरवर संशय घ्या.

तुमच्या बाबतीत गाडी तिथवर जाणार नाही असं मला वाटतं. ‘मॉडप्रोब एनव्हिडिया’ ही मॉड्यूल चढवायची आज्ञा सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या हक्काने) चालवा आणि काय उत्तर येतं ते नीट वाचा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं आलं, तर सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला कोड अडवणारी सुरक्षा) चालू आहे आणि तुमच्या मॉड्यूलवरची सही मशीनला मान्य नाही. ‘मॉकयूटिल’ला (सहीच्या किल्ल्या सांभाळणारी आज्ञा) ‘एसबी-स्टेट’ विचारून खात्री करा. तीनदा टाकूनही फरक पडला नाही, त्याचं कारण बहुधा हेच आहे: दर वेळी मॉड्यूल नव्याने बनतं, त्याच अनोळखी किल्लीने सही होते आणि दर वेळी दारातूनच परत पाठवलं जातं.

मला हे इतकं ठाऊक आहे कारण माझ्याकडे अगदी असंच झालं होतं. मी विकिस्रोतावर जुन्या मराठी पुस्तकांची पानं तपासतो, डाव्या मॉनिटरवर स्कॅन आणि उजव्यावर मजकूर. बायोस अपडेट केल्यावर सिक्युअर बूट आपोआप चालू झालं आणि डावा मॉनिटर गेला. उपाय सापडला तरी पहिल्या खेपेला हुकला. किल्ली नोंदवण्याची आज्ञा दिली, एकदाच वापरायचा पासवर्ड ठेवला, रीस्टार्ट केलं आणि चहा टाकायला आत गेलो. परत आलो तर नेहमीचा लॉगिन समोर. मधे एक निळी स्क्रीन येते, ‘कोणतंही बटण दाबा’ म्हणते, दहा सेकंद थांबते आणि निघून जाते. ती हुकली की नोंदणी पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा लॅपटॉपचं झाकण उघडं ठेवा, कारण ती स्क्रीन बाहेरच्या मॉनिटरवर येईलच असं नाही. ‘मॉकयूटिल’च्या ‘इम्पोर्ट’ पर्यायाला ‘व्हार’, ‘लिब’, ‘शिम-साइन्ड’, ‘मॉक’ या वाटेवरची ‘मॉक डॉट डेर’ ही फाइल द्या, पासवर्ड साधा ठेवा आणि कागदावर लिहा. रीस्टार्ट, कोणतंही बटण, ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, रीबूट. सिक्युअर बूट बंद करूनही मॉनिटर येईल, पण सही नोंदवायला पाच मिनिटं लागतात आणि सुरक्षाही राहते, म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही.

‘मॉडप्रोब’ने सहीची तक्रार न करता ‘मॉड्यूल सापडलं नाही’ म्हटलं, तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बनवणारी व्यवस्था. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ हवं. नुसतं ‘अॅडेड’ असेल तर मॉड्यूल बनलेलंच नाही, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे त्या कर्नलचं हेडर्स पॅकेज (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) नसणं. ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ बसवा, म्हणजे पुढच्या अपडेटला हेडर्स आपोआप येत राहतील.

हे सगळं मुळात का होतं, तेही सांगतो. इंटेलचा आणि एएमडीचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतो, कर्नलबरोबरच येतो. एनव्हिडियाचा बाहेरून येतो, म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी वेगळा तयार करावा लागतो. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्डस या कंपनीवर जाहीरपणे उखडले होते. मे २०२२ मध्ये कंपनीने आपली कर्नल मॉड्यूल्स खुली केली आणि ती मोठीच गोष्ट झाली, पण ती अजूनही कर्नलच्या बाहेरूनच येतात, त्यामुळे सहीचा आणि हेडर्सचा प्रश्न तसाच आहे.

आणखी एक शक्यता: बॅटरी वाचवायला कधी ‘प्राइम-सिलेक्ट’ या ग्राफिक्स निवडायच्या आज्ञेने ‘इंटेल’ निवडलं असेल, तर एनव्हिडिया मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ करून बघा, ‘ऑन-डिमांड’ करा, रीस्टार्ट करा. एनव्हिडियाच्या साइटवरची ‘रन’ फाइल कधी वापरली असेल तर तिच्याच ‘अनइन्स्टॉल’ पर्यायाने ती आधी काढा, ती आणि उबुंटूचं पॅकेज एकमेकांच्या फाइली बिघडवतात. ‘ईटीसी’च्या ‘एक्स११’ फोल्डरात जुनी ‘झॉर्ग डॉट कॉन्फ’ ही डिस्प्लेची सेटिंग फाइल पडली असेल तर तिचं नाव बदलून ठेवा. आणि वेलँड (एक्स११च्या जागी आलेली डिस्प्लेची नवी पद्धत) सत्रात असाल तर ‘एक्सरँडर’ ही एक्स११ची आज्ञा जे सांगते ते प्रमाण मानू नका.

मॉनिटर आल्यावर फोर-के फक्त ३० हर्ट्झवर मिळत असेल, तर तो ड्रायव्हरचा दोष नसावा. एचडीएमआय १.४ची झेप तेवढीच आहे, ६० हर्ट्झला पोर्ट, केबल आणि मॉनिटर तिन्ही २.०चे लागतात.

‘एलएसपीसीआय’मधला एनव्हिडियाखालचा भाग आणि ‘मॉडप्रोब’चं उत्तर, एवढं इथे चिकटवा. आज रात्री मी बघतो.