एसजीपीटीचा बाण

प्रश्न : रक्ततपासणीत माझं एसजीपीटी (यकृतात भरपूर असलेलं एक एन्झाइम) 68 आलं. रिपोर्टवर 40 पर्यंतची मर्यादा छापली आहे आणि आकड्यापुढे ठळक बाण आहे. दारूला मी कधी शिवलेलो नाही. हे एन्झाइम शरीरात साठून अपाय करतं का? ते उतरवायला काय घेऊ?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला ‘साठून’ हा शब्द आधी खोडतो. प्रयोगशाळेत तीस वर्षं मी हेच मोजत होतो. त्यानं कुणाचं वाकडं केलेलं पाहिलं नाही. रक्तात आलेलं एसजीपीटी सुमारे 47 तासांत निम्मं होतं. म्हणजे आकडा महिनोन्‌महिने वरच राहिला, तर कुठल्या तरी पेशींतून ते रोज गळतंय, एवढाच त्याचा अर्थ.

त्याचं खरं काम पेशीच्या आत असतं. हल्लीचं नाव एएलटी, म्हणजे अ‍ॅलनिन अमिनोट्रान्सफरेज. उपाशीपोटी मेंदूला साखर पुरवायची असते. स्नायू आपला नायट्रोजन पायरुवेटवर (साखर फुटून तयार होणाऱ्या रेणूवर) चढवतात, त्याचं अ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल होतं आणि ते रक्तातून यकृताकडे निघतं. तिथे एएलटी तो नायट्रोजन उतरवून अल्फा-कीटोग्लुटारेट या दुसऱ्या रेणूच्या हवाली करतं. मोकळ्या झालेल्या पायरुवेटपासून यकृत ग्लुकोज बनवतं. नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. गंमत म्हणजे स्नायूत चढवणारं आणि यकृतात उतरवणारं, दोन्हीकडे एएलटीच! अमिनो गटाची (म्हणजे त्या नायट्रोजनची) ही देवाणघेवाण ब्राउनश्टाइन आणि क्रिट्झमन या जीवरसायनशास्त्रज्ञांनी 1937 मध्ये दाखवली. ती करताना एएलटीला बी-6 जीवनसत्त्वाची साथ लागते. म्हणून या आकड्यापायी बी-6 बंद करू नका. असा सल्ला मिळालेले लोक मला भेटले आहेत.

आता तुमचे 68. दारू न पिणाऱ्यांत पहिला संशय यकृतातल्या चरबीचा. मग हिपॅटायटिस बी आणि सी, चालू असलेली औषधं (‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेले काढे-चूर्णंसुद्धा सांगा), आणि व्यायाम. हो, व्यायाम! चाळिशीत मी अचानक वजनं उचलायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी नव्या यंत्राच्या चाचणीसाठी स्वतःचंच रक्त दिलं. एएलटी 71, एसजीओटी (यकृतात आणि स्नायूंतही असणारं त्याचं भावंडं एन्झाइम) त्याहून चढं. यंत्रालाच शिव्या घातल्या. मग सहकाऱ्यानं क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतलं एन्झाइम मोजलं, तेही भरपूर वाढलेलं. गळती दुखऱ्या दंडांतून होती. तीन आठवडे विश्रांती घेतल्यावर एएलटी 29 वर आलं.

त्यामुळे आकडा उतरवणारं टॉनिक शोधू नका. जड व्यायाम थांबवून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. तेव्हाही बाण असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी, रक्तातली साखर आणि हिपॅटायटिसच्या चाचण्या करून घ्या. अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते रक्तातलं प्रथिन) आणि रक्त गोठायला लागणारा वेळही बघायला सांगा, कारण यकृत काम किती करतंय ते एएलटीवरून कळत नाही. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झाल्यावर, गळायला पेशीच थोड्या उरतात, आणि मी अशा रुग्णांचं एएलटी 30 आलेलंही पाहिलंय, बाणाशिवाय.