क्वेकर या ख्रिस्ती पंथाची जगभरातली पुढची दिशा काय असेल?

माझ्या मते याचं उत्तर इंग्लंडमध्ये नाही, केनियात शोधावं. पंथ जन्मला १७व्या शतकात इंग्लंडमध्ये, जॉर्ज फॉक्सच्या प्रचारातून. पण आज सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत. तिथे १९०२ मध्ये कैमोसीला अमेरिकन मिशनरी पोहोचले, आणि त्यांच्याबरोबर पाद्री, प्रवचन, गाणी असलेली उपासना आली. ब्रिटनमध्ये मात्र अजूनही पाद्रीच नाही. सगळे गप्प बसतात, आतून प्रेरणा झाली तर कुणीतरी उठून चार वाक्यं बोलतो. तिथली संख्या घटते आहे, सभासदांचं वयही वाढलेलं.

खरी अडचण समलिंगी विवाहाची. ब्रिटिश क्वेकरांनी २००९ मध्ये तो स्वीकारला, केनियातल्या बहुतेकांना तो अमान्य आहे. अमेरिकेत तर याच वादाने जुन्या वार्षिक सभा (क्वेकरांच्या प्रादेशिक संघटना) फुटल्या.

या सगळ्यांना एका धाग्यात ठेवणारी जागतिक सल्लागार समिती १९३७ पासून आहे, पण तिच्या हातात हुकूम नाही, फक्त संवाद. (क्वेकर आपल्या सभांमध्ये मतदानही करत नाहीत, त्यामुळे निर्णय गोगलगायीच्या चालीने!) २०२४ चं जागतिक अधिवेशन दक्षिण आफ्रिकेत झालं, ऑनलाइन सहभागाचीही सोय होती. एकच सिद्धांत सगळ्यांवर बसेल असं मला वाटत नाही; शांतताकार्य आणि हवामानाच्या प्रश्नावर मात्र एकत्र काम होत राहील.