ऑनलाइन उद्योजक समूहाचे नाव बदलत आहोत. नवे डोमेन कोणते घ्यावे आणि गुगलवरील स्थान टिकेल का?

जुने डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा जुना पत्ता, "मुदत संपल्यावर सोडून देऊ" असे आपण प्रश्नात लिहिले आहे. त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहीत आहे.

सांगली-मिरज भागात घरगुती चटण्या, मसाले आणि बेदाणे विकणाऱ्या स्त्रियांचा ऑनलाइन समूह मी आणि माझ्या एका सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुरू केला. नावात सांगली होते. पुढे सोलापूर आणि बेळगावच्याही सभासद आल्या, म्हणून २०१८ मध्ये नाव आणि डोमेन दोन्ही बदलले. प्रत्येक जुन्या पानावरून त्याच्याच नव्या पानाकडे नेणारे ३०१ रिडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलल्याची खूण असलेले वळण) लावले, सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गुगलच्या साधनात पत्ता बदलल्याचे कळवले आणि काही महिन्यांत शोधातील स्थान पूर्ववत झाले. दोन वर्षांनी जुन्या डोमेनच्या नूतनीकरणाचे हजारएक रुपये भरायचे होते, तेव्हा सहकारी म्हणाले की गुगलने नवा पत्ता केव्हाच स्वीकारला आहे, आता जुन्यावर खर्च कशाला. मी विरोध केला, पण हिशेब त्यांच्याकडे होता आणि मी तो विषय तेथेच सोडला.

काही महिन्यांनी ते डोमेन कोणीतरी घेतले आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. मिरजेच्या एका सभासद ताईंनी कारळ्याच्या चटणीची चार हजार पाकिटे छापून घेतली होती आणि त्यांच्या मागच्या बाजूला आमचा जुना पत्ता होता. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना फोन करून विचारले, "ताई, पाकिटावरचा पत्ता उघडला तर हे काय भलतेच येते?" ताईंच्या सोप्यात बसून आम्ही सहा जणींनी तीन दुपारी उरलेल्या पाकिटांवर कोरे स्टिकर चिकटवले. दुकानांत गेलेली पाकिटे मात्र परत आणता आली नाहीत. दोष पाकिटे छापणाऱ्यांचा होता, असे सहकारी आजही म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही, कारण पत्ता छापा, त्याने विश्वास वाढतो, असे सभासदांना आम्हीच सांगितले होते.

रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावे हा गुगलचा सल्ला शोधापुरता आहे. व्हिजिटिंग कार्डे, बिलबुके, दुकानावरच्या पाट्या यांना तो लागू होत नाही. त्याहून गंभीर बाब ईमेलची आहे: जुने डोमेन ज्याच्या हाती जाईल तो त्यावर आपलेच ईमेल पत्ते पुन्हा तयार करू शकतो, आणि त्यांपैकी एखादा पत्ता बँकेत किंवा जीएसटी नोंदणीत दिलेला असेल तर पासवर्ड बदलण्याचे संदेश थेट त्याच्याकडे जातात.

नव्या डोमेनबाबत माझे मत स्पष्ट आहे. मिळत असेल तर .कॉम घ्या, आणि नाव असे ठेवा की फोनवर एकदा ऐकून समोरच्याला टंकता येईल. मराठी नावांत ही अडचण हमखास येते. 'विश्व' रोमन लिपीत लिहिताना शेवटी 'व्ही' की 'डब्ल्यू', हे प्रत्येकाला सांगत बसावे लागते. अमेरिकेतील ओव्हरस्टॉक या कंपनीने २०११ मध्ये ओ.को हे आटोपशीर नाव पुढे आणले, पण लोक सवयीने ओ.कॉम टंकत राहिले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. शिवाय नाव बदलले म्हणून डोमेन बदललेच पाहिजे असे नाही. वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांत गुंतवणूक करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या स्टार्टअप न्यूज या चर्चास्थळाचे २००७ मध्ये हॅकर न्यूज झाले, पत्ता मात्र त्या कंपनीच्या डोमेनवर तोच राहिला.

गुगलवरील स्थान सुरुवातीला थोडे डळमळेल. सगळी जुनी पाने एकट्या मुखपृष्ठाकडे वळवली नाहीत, तर ते सहसा सावरते. जुने नाव ट्रेडमार्कच्या वादामुळे सोडत असाल तर मात्र माझा सल्ला तसाच लागू होणार नाही. आधी वकिलांना विचारा. तसे नसेल आणि जुने डोमेन .कॉम असेल, तर त्याची मुदत पुढे जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत वाढवता येते. ती आताच वाढवून घ्या, आणि नोंदणी कोणा एका व्यक्तीच्या नव्हे तर समूहाच्या नावावर ठेवा.