वर्णद्वेषविरोधी अभ्यासगट सुरू करताना

आपण विद्यापीठात वर्णद्वेषावर अभ्यासगट सुरू करत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. पहिल्या काही बैठकींपुरते एवढेच सांभाळावे.

गट आठ-दहा जणांचा ठेवा आणि चार-पाच पानांचा एकच मजकूर सर्वांनी वाचून यावा, असा नियम करा. समोर मजकूर नसला की चर्चा लगेच मतांच्या भांडणावर येते. वाचनाची सुरुवात पुण्यातूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना ते पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस या अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. अर्पणपत्रिका आणि ते पत्र शेजारी ठेवून वाचले, की जातिभेद आणि वर्णद्वेष यांची तुलना कुठे जुळते व कुठे तुटते, हा प्रश्न सदस्य स्वतःच विचारू लागतात.

नवख्या गटांत हमखास होणाऱ्या चुका अशा:

- ईशान्य भारतातील किंवा आफ्रिकी विद्यार्थ्याला त्याच्या समाजाचा प्रवक्ता बनवणे. घरमालकाने खोली नाकारल्याचा अनुभव त्याने आपणहून सांगितला, तर तो मध्येच न तोडता ऐकावा. पुरावा मागू नये, आणि त्याच्या संमतीशिवाय ती गोष्ट गटाबाहेर नेऊ नये.
- पहिल्याच बैठकीत निषेधाचा ठराव मांडणे.
- मराठी न समजणारे सदस्य असताना मराठीतच बोलत राहणे.

सिद्धांतांची जड पुस्तके पुढच्या सत्रासाठी राखून ठेवा.