‘रूढ्योत्तर’ नव्हे, ‘रूढ्युत्तर’

कोल्हापुरातील एका बी.एड.च्या विद्यार्थिनीने विचारले आहे की, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्गने मांडलेल्या नैतिक विकासाच्या तिसऱ्या स्तराला (इंग्रजीत ‘पोस्टकन्व्हेन्शनल’) ‘रूढ्योत्तर’ म्हणावे की ‘उत्तर-सांकेतिक’, आणि त्यातील टप्प्यांना ‘पायरी’ म्हणावे की ‘अवस्था’.

‘रूढ्योत्तर’ मुळीच नको. ‘स्वातंत्र्य’ अकारान्त असल्यामुळे ‘स्वातंत्र्योत्तर’ होते. ‘रूढि’ इकारान्त आहे, तेव्हा ‘अति’ आणि ‘उत्तम’ यांचे जसे ‘अत्युत्तम’ होते, तसे येथे ‘रूढ्युत्तर’च व्हायला हवे. ‘अत्योत्तम’ कोणी म्हणत नाही, पण व्याख्यानांतून ‘रूढ्योत्तर’ मात्र बिनदिक्कत ऐकू येते. ‘सांकेतिक’चा आग्रह धरणाऱ्या पंडितांनी तो शब्द एकदा बिंदू चौकात उच्चारून पाहावा, ऐकणाऱ्याला गुप्त लिपीच आठवेल.

शिवाय ‘रूढी’च्या मुळाशी ‘रुह्’ हा सुंदर धातू आहे. उगवणे, वाढणे, वर चढणे हे त्याचे अर्थ. आरूढ, आरोहण, सरोरुह आणि झाडाला म्हणतात तो महीरुह, हे सारे त्याच कुळातले. रूढी म्हणजे समाजात उगवून वर आलेली रीत, आणि माझ्या मते चढणीचा हा अर्थ कोहलबर्गच्या मांडणीला जितका शोभतो तितका मूळ इंग्रजी शब्दही शोभत नाही. १९५८ च्या प्रबंधापासून त्याने उभ्या केलेल्या तीन स्तरांत प्रत्येकी दोन पायऱ्या आहेत (‘अवस्था’ येते आणि जाते, म्हणून ‘पायरी’च), त्या क्रमानेच चढायच्या असतात आणि मागे फिरणे त्याला मान्य नाही. गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात आरोहामागून अवरोह येणारच हे सांगावे लागत नाही. कोहलबर्गला मात्र कॉलेजातील काही मुले खाली घसरलेली दिसली, तेव्हा त्याने पुढे गुणांकनाची पद्धतच सुधारून घेतली.

‘रूढ्युत्तर’ म्हणजे बंडखोर, हा समजही तितकाच चुकीचा आहे. पत्नीचा जीव वाचवण्यासाठी हाइन्झ नावाच्या माणसाने औषध चोरावे की नाही, या कोहलबर्गच्या चाचणीतील प्रसिद्ध प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा आणि ‘नाही’ म्हणणारा एकाच पायरीवर असू शकतात, कारण तो तपासतो ते उत्तर नव्हे, त्यामागचे कारण. कायदा ज्यासाठी असतो त्या तत्त्वाच्या बळावर कायद्यालाच प्रश्न विचारणारा रूढ्युत्तर होय. दसरा चौकात सिग्नल तोडून ‘पोलीस नव्हता’ असे सांगणारा अजून पहिल्याच, म्हणजे शिक्षेच्या धाकाच्या पायरीवर आहे.